दवाखान्याचं बिल एकाच तिजोरीतून: विदर्भातल्या गावांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सरकारी आरोग्य योजनेचे कागद भरून देतो, कधी त्यांच्यासोबत नागपूरला जातो. पोळा झाला की निंदण-फवारणी थोडी मागे पडते आणि लोक सावकाश बसून बोलतात. तेव्हा पारावर, ग्रामसभेत, एसटीच्या फाट्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. सर्वांच्या उपचाराचा खर्च एकाच सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, असं माझं मत आहे. ते मी लपवत नाही, पण त्यातल्या अडचणीही सांगतो.

सिंगल पेयर म्हणजे नेमकं काय?

दवाखान्याचं बिल भरणारा एकच. रुग्ण कोणीही असो, दवाखाना कोणाचाही असो, बिल जातं एका सार्वजनिक तिजोरीकडे. त्या तिजोरीत पैसा येतो करातून किंवा सक्तीच्या वर्गणीतून, आणि ती वर्गणी माणसाच्या ऐपतीप्रमाणे ठरते. त्याच्या आजाराप्रमाणे ठरत नाही. खासगी विम्यात नेमकं उलटं होतं. तिथे वय वाढलं, साखर निघाली, बीपी निघालं की हप्ता चढतो, किंवा पॉलिसीच मिळत नाही.

म्हणजे सगळे दवाखाने सरकारी होणार का?

तसं काही नाही. बिल कोण भरतो हा एक प्रश्न, दवाखाना कोणाच्या मालकीचा हा दुसरा. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तिथे बहुतेक रुग्णालयं सरकारने आपल्याकडे घेतली. कॅनडात बिल प्रांताचं सरकार भरतं, पण बहुतेक डॉक्टर आपला स्वतःचा दवाखाना चालवतात. तैवानमध्ये विमा एकच, सरकारी, आणि रुग्णालयं मोठ्या प्रमाणात खासगी. आपल्याकडे काय बसेल ते आपण ठरवायचं.

आमच्याकडे महात्मा फुले योजना आहे, आयुष्मान कार्ड आहे. मंग आणखी काय पाहिजे?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

२०१२ च्या जुलैत राज्याने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यात आपल्याकडचे अमरावती आणि गडचिरोली होते. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, म्हणजे लोक जिला आयुष्मान म्हणतात ती, २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, तिची मर्यादा पाच लाख. २०२० मध्ये दोन्ही एकत्र राबवायला घेतल्या. आणि २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्याने पिवळं, केशरी, पांढरं असा भेद न ठेवता सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देण्याचं ठरवलं, उपचारांची यादी १,३५६ वर नेली. त्याआधी पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला ही योजना फक्त १४ जिल्ह्यांत होती. मराठवाड्याचे आठ, आणि आपले अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा. शेतकरी आत्महत्यांचे हे जिल्हे का निवडले होते ते इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

याचा अर्थ असा की कागदावर आपण सिंगल पेयरच्या बरेच जवळ आलो आहोत. ही गोष्ट लहान नाही. ज्या घराने पूर्वी बायपाससाठी तीन एकर वावर गहाण टाकलं असतं, त्या घरातला माणूस आज शस्त्रक्रिया करून घरी येतो. मी अशी माणसं पाहिली आहेत.

पण तीन भोकं उरली आहेत.

पहिलं, योजना भरती झाल्यावरची आहे. आपल्या घरातला दवाखान्याचा खर्च बराचसा भरती न होता होतो. तपासणी फी, रक्त-लघवी, गोळ्या, इंजेक्शन, जाणं-येणं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण आहेत. त्यांना आयुष्यभर गोळी लागते, वारंवार रक्त तपासावं लागतं. हा रोजचा खर्च पॅकेजमध्ये, म्हणजे भरतीच्या एकेका उपचारासाठी ठरवून दिलेल्या रकमेत, बसत नाही. मधुमेहाचंही तेच. गोळी महिनोन्‌महिने सुटते आणि मग पाय कापायची वेळ येते, तेव्हा कुठे योजना लागू होते.

दुसरं, योजना मंजूर रुग्णालयातच चालते, आणि ती रुग्णालयं नागपूर, अमरावती, अकोला अशा शहरांकडे गोळा झालेली आहेत. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. त्यामुळे सिरोंच्याच्या माणसाला कार्डापेक्षा बसची वेळ जास्त महत्त्वाची वाटते.

तिसरं, ही अनेक तिजोऱ्यांपैकी एक तिजोरी आहे. वणी तालुक्याचंच पाहा. कोळसा खाणीतल्या कामगाराला कंपनीची वैद्यकीय सोय. पोलिसाला पोलीस कुटुंब आरोग्य योजना. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला वैद्यकीय बिलाची प्रतिपूर्ती. कारखान्यातल्या मजुराला कर्मचारी राज्य विमा. व्यापाऱ्याची खासगी पॉलिसी. शेतकरी आणि शेतमजूर फुले योजनेत. एकाच रस्त्यावर राहणारी सहा माणसं, सहा नियम, सहा दर. यातला ज्याचा आवाज मोठा त्याची तिजोरी चांगली चालते. शेतमजुराच्या तिजोरीची काळजी करायला कलेक्टर ऑफिसमध्ये कोणाची युनियन जात नाही. सगळे एका तिजोरीत असले तर शिक्षक, पोलीस, व्यापारी जेव्हा आपल्यासाठी भांडतील तेव्हा ते शेतमजुरासाठीही भांडतील. सिंगल पेयरच्या बाजूने मला सर्वांत पटलेलं कारण हेच आहे.

कार्ड असूनही पैसे का लागतात?

नियमाप्रमाणे मंजूर उपचाराला एक रुपया लागू नये. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो.

आमच्या शेजारची एक आजी अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. आम्ही तिला शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नेलं, ते योजनेत होतं. कागद झाले, मंजुरी आली. दुसऱ्या दिवशी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की योजनेतला रॉड साधा आहे, चांगला टाकायचा तर वरचे पैसे भरा. पावती मिळणार नाही. आता आईचं हाड आहे, मुलगा काय म्हणणार? त्याने पेरणीसाठी ठेवलेले पैसे दिले. मी तिथेच होतो. मला तेव्हा तक्रार कुठे करायची ते माहीत नव्हतं, आणि आजी टेबलावर जाईपर्यंत भांडायची हिंमतही नव्हती. ही गोष्ट मला अजून टोचते.

असं का घडतं? रुग्णालयांचं म्हणणं असतं की पॅकेजचे दर कमी आहेत आणि पैसे उशिरा येतात. त्यात तथ्य आहे. पण त्याच रुग्णालयाकडे रोखीचा रुग्ण आहे, कंपनीच्या विम्याचा रुग्ण आहे, आणि योजनेचा रुग्णही आहे. तिन्हींचे दर वेगळे असले की योजनेचा रुग्ण खालच्या रांगेत जाणारच. बिल भरणारा एकच असला तर रुग्णालयाला त्याच्याशी एकदाच दर ठरवावे लागतात, आणि तो दर परवडणारा असावा लागतो, नाहीतर दवाखाना बंद पडेल. जास्त पैसे देणारं दुसरं गिऱ्हाईक तिथे उभं नसतं.

श्रीमंताला कशाला फुकट? गरिबापुरतंच ठेवा.

हे ऐकायला न्यायाचं वाटतं. पण सेवाग्रामकडे बघा.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आजूबाजूच्या गावांसाठी ज्वारीची आरोग्य विमा योजना चालवली होती. पीक निघालं की घराघरातून ज्वारी गोळा व्हायची. मोजमाप जमिनीवर होतं. ज्याचं वावर मोठं त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची थोडी. आजारी पडल्यावर मात्र सगळ्यांसाठी एकच रुग्णालय. आणि अट अशी होती की गावातली बहुतेक घरं सामील झाली तरच योजना, दोन-चार घरांनी येऊन चालत नव्हतं.

त्या अटीत सगळं शहाणपण आहे. फक्त आजारी माणसं वर्गणी देणार असतील तर कणगी लवकर रिकामी होते. फक्त गरीब देणार असतील तर ती भरतच नाही. पाटलाचं घर आत हवं, कारण त्याची ज्वारी लागते. आणि पाटलाची सून त्याच वॉर्डात बाळंत होणार असेल तर वॉर्डात पाणी आहे की नाही हे पाटील स्वतः जाऊन पाहतो. श्रीमंताला फुकट मिळत नाही, तो जास्त देऊन तेवढंच घेतो.

दुसरी गोष्ट. गरीब कोण हे ठरवायला कागद लागतो, आणि कागदात माणसं सुटतात. पारध्यांच्या बेड्यावर जा, कोलामांच्या पोडावर जा, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर. आधारवर नाव एक, रेशनकार्डावर दुसरं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. तिला पहिल्याच बाळंतपणात रक्तस्राव झाला तर तिचं नाव कोणत्या यादीत शोधायचं?

पन पैसा कोन देईन?

तुम्हीच देता, आजही. केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे कमी झाला आहे, हे मान्य करायला हवं. पण दहा रुपयांतले चार रुपये आजही घरातून जातात, आणि तेही माणूस आजारी असताना, म्हणजे मजुरी बुडालेली असताना.

त्याच वर्षी केंद्र आणि राज्य मिळून सरकारचा आरोग्यखर्च देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तो २०२५ पर्यंत २.५ टक्के करण्याचं लिहिलेलं आहे. सगळा उपचार एका तिजोरीतून करायचा तर तेवढ्यानेही भागणार नाही, आणि कर वाढवावा लागेल. हे लपवून जो कोणी सिंगल पेयर मागतो तो लोकांना अर्धंच सांगतो.

मात्र हिशेब करताना दोन्ही बाजू मांडा. कर वाढेल तसा खिशातला खर्च घटला पाहिजे. सावकाराचं दवाखान्यापायी घेतलेलं कर्ज, त्यावरचं व्याज, विकलेली बैलजोडी, शाळा सोडलेली मुलगी, हे सगळं आजच्या खर्चातच धरायला हवं, फक्त ते कोणाच्या बजेटमध्ये दिसत नाही. आणि शेतकरी कर देत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला कृषी केंद्राचं बिल दाखवा. कीटकनाशकाच्या डब्यावर, फवाऱ्याच्या पंपावर, मोबाइलच्या रिचार्जवर तो जीएसटी देतो.

२०१० मध्ये नियोजन आयोगाने डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली सार्वत्रिक आरोग्यसेवेवर एक तज्ज्ञगट नेमला होता. त्याने २०११ च्या अहवालात सांगितलं की पैसा मुख्यतः सर्वसाधारण करातून यावा आणि सेवा विकत घेण्याचं काम विमा कंपन्यांकडे देऊ नये. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, भोर समितीने लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. ही मागणी बाहेरून आणलेली नाही, स्वातंत्र्याच्याही आधीपासून आपल्या फायलींत पडून आहे.

शेतकऱ्याला पगार नाही, मग हप्ता कसा कापणार?

तैवानने १ मार्च १९९५ ला अनेक वेगवेगळे विमे मोडून एकच राष्ट्रीय आरोग्य विमा केला. नोकरदाराच्या पगारातून हप्ता कापतात. शेतकऱ्याच्या हप्त्यातले ७० टक्के सरकार भरतं, ३० टक्के शेतकरी. वर्षभरात ९० टक्क्यांहून जास्त लोक आत आले. दक्षिण कोरियाने २००० मध्ये साडेतीनशेहून जास्त विमा संस्था एका संस्थेत विलीन केल्या, तिथेही खेड्यातल्या लोकांना हप्त्यात सूट आहे.

आपल्याकडे पगारदाराकडून वर्गणी घ्यायची पद्धत आहेच. कर्मचारी राज्य विम्यात मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी. शेतकरी आणि मजुरांचा भाग करातून भरायचा. ज्याच्या हातात वर्षातून एकदा पैसा येतो आणि तोही पावसावर अवलंबून, त्याच्या दारात दर महिन्याला हप्त्याचा माणूस पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हप्ता चुकला, कार्ड बंद झालं, आणि त्याच आठवड्यात साप चावला, हे इथे हमखास होईल.

डॉक्टर मान्य करतील का?

सुरुवातीला नाही करणार. कॅनडात ही गोष्ट सस्कॅचेवान नावाच्या गहू पिकवणाऱ्या प्रांतात सुरू झाली. दुष्काळ, पडलेले भाव, दूरदूरची वस्ती, हे सगळं तिथेही होतं. डॉक्टर गावात टिकत नाही म्हणून तिथल्या काही ग्रामीण पालिकांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच स्वतःवर कर बसवून डॉक्टर पगारावर ठेवला होता. टॉमी डग्लस मुख्यमंत्री असताना १९४७ मध्ये रुग्णालयाचा खर्च सरकारने घेतला, आणि त्याच्यानंतरचे मुख्यमंत्री वुड्रो लॉइड यांच्या काळात, १ जुलै १९६२ ला, डॉक्टरची फीसुद्धा. त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले. २३ दिवस संप चालला. शेवटी तडजोड झाली: डॉक्टर आपला दवाखाना चालवतील, पैसे सरकार देईल. १९६६ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि बाकीचे प्रांत एकेक करून आले.

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तेव्हा तिथल्याही खासगी डॉक्टरांनी आंदोलन केलं. तातडीच्या उपचाराचे पैसे सरकार किती आणि कधी देणार, ही त्यांची भीती होती. भीती खरी आहे. तालुक्याच्या गावी कर्ज काढून वीस खाटांचं रुग्णालय उभारलेल्या डॉक्टरला सहा महिने बिल मिळालं नाही तर नर्सचा पगार कुठून देणार? बिल ठरलेल्या दिवसांत मिळेल आणि उशीर झाला तर व्याजासकट मिळेल, हे कायद्यात हवं. त्याशिवाय कोणताही डॉक्टर विश्वास ठेवणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही.

रांगा लागतील म्हणतात.

लागतात. कॅनडात गुडघा बदलायला, मोतीबिंदूला महिनोन्‌महिने थांबावं लागतं आणि तिथले लोक त्यावर चिडलेले आहेत. ब्रिटनमध्येही तेच. शिवाय कॅनडात बाहेरून घ्यायची औषधं आणि दातांचा खर्च बऱ्याच प्रमाणात त्या सार्वजनिक विम्याबाहेर राहिला, तो हळूहळू आत आणायची खटपट चालू आहे.

आपल्याकडे रांग आजही आहे. नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ओपीडीसमोर पहाटे येऊन बसलेली माणसं पाहा, व्हरांड्यात चादर टाकून झोपलेले नातेवाईक पाहा. आणि जो पैसे नाहीत म्हणून गावातून निघालाच नाही, तो कोणत्याच रांगेत मोजला जात नाही. एका तिजोरीत निदान रांगेचा क्रम आजार किती गंभीर आहे यावर लावता येतो.

आमच्या गावात डॉक्टरच राहत नाही, मंग थे तिजोरी काय कामाची?

हा प्रश्न मला झरी जामणी तालुक्यात एका म्हाताऱ्या बाईने विचारला. त्याच्यासमोर बाकीची सगळी चर्चा थांबते.

बिल भरणारा कितीही चांगला असला तरी बिल देणारा दवाखाना आधी लागतो. पावसाळ्यात मेळघाटात चिखलदऱ्याच्या आतल्या गावातून, किंवा भामरागडला पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलेलं असताना, गरोदर बाईला खाटेवर घालून न्यावं लागतं. तिथे पाच लाखांचं कार्ड आणि कोरा कागद यांत फरक नाही. धानाच्या बांधावर किंवा पऱ्हाटीच्या ओळीत मण्यार चावली तर प्रश्न दोन तासांचा असतो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं इंजेक्शन आहे का, ते टोचणारा डॉक्टर रात्री तिथे आहे का, श्वास बंद पडला तर पुढे न्यायला गाडी आहे का. यातली एकही गोष्ट विम्याने येत नाही.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो आजारी पडले. त्यांतल्या अनेकांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणलं होतं. त्या वेळी उपयोगी पडली ती तिथली खाट, तिथलं व्हेंटिलेटर, रात्रपाळीची नर्स.

म्हणून मला थायलंडचं उदाहरण सर्वांत जवळचं वाटतं. तिथे २००१ मध्ये सुरू होऊन २००२ पर्यंत ‘३० बात’ नावाने देशभर योजना आली, ज्यांना दुसरं काहीच संरक्षण नव्हतं अशा सगळ्यांसाठी, दवाखान्याच्या एका खेपेला ३० बात (बात हे तिथलं चलन). लोकांना हे वर्ष माहीत असतं. त्याच्या वीस वर्षं आधी काय झालं ते कमी लोक सांगतात. १९८० च्या दशकात त्यांनी शहरांतल्या रुग्णालयांच्या नव्या बांधकामाचा पैसा काही वर्षं रोखला आणि तालुक्याच्या दवाखान्यांकडे, उपकेंद्रांकडे वळवला. नव्या डॉक्टरांना खेड्यात सेवा करणं त्याच्याही आधीपासून बंधनकारक होतं. तिजोरी उघडली तेव्हा दवाखाना गावाजवळ उभा होता. आणि पैसे देण्याची पद्धतही वेगळी ठेवली: बाह्यरुग्ण सेवेसाठी दवाखान्याला त्याच्याकडे नोंदलेल्या माणसांमागे वर्षाची ठरावीक रक्कम. माणूस निरोगी राहिला तर दवाखान्याचं नुकसान होत नाही. आपल्या पॅकेज पद्धतीत शस्त्रक्रिया झाली तरच पैसा. शस्त्रक्रियेवरच कमाई असली की काय होतं, ते गरज नसताना गर्भाशय काढण्याच्या प्रकारांत आपण महाराष्ट्रात पाहिलं.

गडचिरोलीत शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेने, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाने, गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची काळजी घरी घेता येते आणि बालमृत्यू घटतात, हे दाखवलं. आज देशभरात आशाताई त्याच वाटेने घरोघरी जातात. त्या आशाताईचं मानधन वेळेवर होत नाही आणि आपण पाच लाखांच्या कार्डाचे फलक लावतो. क्रम चुकतोय. माझं म्हणणं असं की एक तिजोरी हवीच, पण तिच्यातला पहिला रुपया उपकेंद्राला, दुसरा ग्रामीण रुग्णालयाला, आणि मग नागपूरच्या सुपरस्पेशालिटीला.

मग सरकारी दवाखानेच सुधारा, तिजोरीबिजोरी कशाला?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे घेणं बंद झालं. चांगलंच झालं. पण हृदयाची, मेंदूची, कॅन्सरची सगळी कामं सरकारी रुग्णालयं लगेच पेलू शकत नाहीत. खासगी खाटा लागतील, आणि त्या एका दराने, एका नियमाने विकत घ्यायला एक घेणारा लागेल.

एकाच ठिकाणी पैसा म्हणजे भ्रष्टाचारही एकाच ठिकाणी, नाही का?

ही शंका बाजूला सारण्यासारखी नाही. एक तिजोरी बिघडली तर सगळ्यांचं बिघडतं, पळून जायला दुसरी जागा नसते. तिच्यावर नजर ठेवायची सोय आधीच बांधून घ्यावी लागेल. कोणत्या रुग्णालयाला कोणत्या उपचाराचे किती पैसे दिले ते तालुकावार लोकांसमोर ठेवा, ग्रामसभेत वाचा. रोजगार हमीच्या हजेरीपटाचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावासमोर हिशेबाची तपासणी, होऊ शकतं तर याचंही होईल. शंभर कंपन्यांच्या शंभर वह्या तपासण्यापेक्षा एक वही तपासणं सोपं जातं.

अमेरिकेत हे का झालं नाही?

तिथे ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर नावाने सार्वजनिक विमा आहे, १९६५ च्या कायद्याने आलेला. तोच सर्वांना लागू करा, यावर तिथे वाद चालू आहे. व्हरमाँट या लहान राज्याने २०११ मध्ये तसा कायदाही केला, पण किती कर लावावा लागेल याचा आकडा समोर आल्यावर २०१४ च्या डिसेंबरात सोडून दिला. आपण यातून शिकायचं ते एवढंच की कराचा आकडा पहिल्या दिवशी सांगावा.

एक तिजोरी नसतानाही सगळ्यांना उपचार देणारे देश आहेत का?

आहेत. जर्मनीत अनेक आजार निधी, म्हणजे वर्गणीवर चालणारे विमे, आहेत, बिस्मार्कच्या १८८३ च्या कायद्यापासून चालत आलेले. पण सगळ्यांचे मूळ नियम कायद्याने सारखे, आजारी माणसाला नाकारता येत नाही, आणि श्रीमंत निधीकडून गरजू निधीकडे पैसा वळवला जातो. हे जमायला सरकारचा धाक फार पक्का लागतो. आपल्याकडे खासगी रुग्णालयांचे दरपत्रक दर्शनी भागात लावायचा नियम २०२१ मध्ये झाला, ते दरपत्रक तुमच्या तालुक्यात किती भिंतींवर आहे ते पाहा आणि तुम्हीच ठरवा.

खासगी विमा बंद होणार?

बंद करायची गरज नाही. ज्याला वेगळी खोली, एसी हवा त्याने वरचा विमा घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही काढला आहे. फक्त उपचाराचा दर्जा पॉलिसीवर ठरू नये.

हे राज्य करू शकतं की दिल्लीने करायचं?

घटनेप्रमाणे सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्याच्या सूचीत, विमा केंद्राच्या सूचीत. विमा कंपनीला मध्ये न घेता राज्य स्वतः खर्चाची हमी घेऊ शकतं, त्यासाठी राज्य आरोग्य हमी सोसायटी आधीपासून आहे. राज्य कर्मचारी, पोलीस आणि फुले योजना एकत्र करणं मुंबईच्या हातात आहे. कामगार विमा आणि खाण कामगार दिल्लीच्या हातात. सुरुवात राज्यापासून होऊ शकते.

आमच्या बाबांचं वय ७३ आहे. त्यांचं वेगळं कार्ड असतं का?

हो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. आधारवरच्या वयावर काढतात. बाबांचं आधारवरचं जन्मवर्ष चुकलेलं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या.

मुलीला उद्या सकाळी नागपूरला नेतोय, ऑपरेशन सांगितलं आहे. सोबत काय घेऊ?

रेशनकार्ड मूळ, मुलीचं आणि तुमचं आधार, दोन्हींच्या चार-चार झेरॉक्स. मुलीचं नाव रेशनकार्डात आहे का ते आत्ता कंदिलाजवळ नेऊन पाहा, स्पेलिंगसकट. नसेल तर जन्मदाखला आणि शाळेचा दाखला घ्या. आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, एक्स-रेची फिल्म, तालुक्याच्या डॉक्टरची चिठ्ठी, आधारला जोडलेला मोबाइल चार्ज करून.

निघायच्या आधी १५५३८८ किंवा १४५५५ वर फोन करून विचारा की तुम्ही जाताय ते रुग्णालय योजनेत आहे का आणि हेच ऑपरेशन तिथे होतं का. पोचल्यावर पैशाच्या खिडकीकडे जाऊ नका, आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल शोधा, दारापाशीच असतं. मंजुरी यायच्या आधी कोणी डिपॉझिट मागितलं तर आरोग्यमित्राला तिथेच बोलावून घ्या. बाहेरून औषध आणायला लावलं तर मेडिकलचं पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा. वरचे पैसे मागितले तर त्याच नंबरवर, तिथेच उभं राहून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. जीव घाबरा झाला, रस्त्यातच तब्येत बिघडली, तर १०८.

दोन चादरी, पाण्याची बाटली, आणि तुमच्यासोबत लिहितं-वाचतं येणारं एक माणूस घ्या. कोणी नसेल तर मला सांगा, मी सकाळच्या पहिल्या गाडीने येतो.